काटकसर कोणाची, कुरण कोणाचे?

सरकारी खर्चात काटकसर करण्याची भाषा राज्यकर्ते जेव्हा जेव्हा बोलू लागतात, तेव्हा तेव्हा कष्टकरी जनतेने एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : वाचवलेला पैसा जातो कोठे? कारकून, तलाठी, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून जे काही उरते, ते खरोखरच सार्वजनिक तिजोरीत राहते काय? गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव याचे उत्तर स्पष्टपणे देतो. एका दाराने कर्मचाऱ्याला बाहेर काढले जाते आणि दुसऱ्या दाराने कंत्राटदाराला आत घेतले जाते. ही अदलाबदल फार मोठ्या प्रमाणावर आणि फारसा गाजावाजा न होता जर कोठे घडली असेल, तर ती सरकारी कारभाराच्या संगणकीकरणात.

रस्ता खराब झाला तर खड्डा दिसतो. पूल कोसळला तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पण सरकारी संगणक-प्रणाली कोसळते तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. कोणाचा पगार जमा होत नाही, कोणाचे नाव यादीतून गळते, कोणाच्या गुणपत्रिकेवर शून्य उमटते. आणि खिडकीपलीकडचा माणूस सांगतो, ‘सिस्टीममध्ये तसे दाखवते.’ या ‘सिस्टीम’चा मालक कोण, ती कोणी बनविली, तिच्यातील चूक कोणी दुरुस्त करायची आणि तिची भरपाई कोणी द्यायची, हे प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाहीत. ते सत्तेचे आणि मालकीचे प्रश्न आहेत.

खर्चकपातीचे समर्थक तीन दावे करतात. सरकारजवळ या कामाची कुवत नाही, हा पहिला दावा. खाजगी कंपनीकडून काम करून घेतले की ते स्वस्त पडते, हा दुसरा. कंपनी करारातील अटींनी बांधलेली असल्याने जबाबदारी निश्चित होते, हा तिसरा. तिन्ही दाव्यांची वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासणी केली पाहिजे.

पहिला दावा आपल्या देशाच्या इतिहासाशीच विसंगत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातील संगणक-व्यवसायावर आयबीएम या अमेरिकन मक्तेदार कंपनीची पकड होती. अन्य देशांत वापरून झालेली जुनी यंत्रे भारतात भाड्याने देऊन ही कंपनी नफा कमावीत होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतातील मालकीचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे तिने नाकारले आणि १९७८ मध्ये ती देशातून निघून गेली. तिची यंत्रे आता कोण चालविणार, अशी चिंता तेव्हा पुष्कळांनी व्यक्त केली होती. ती जबाबदारी घेतली एका सार्वजनिक कंपनीने. १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजेच सीएमसीने, देशभर विखुरलेल्या या यंत्रांची देखभाल आपल्या अंगावर घेतली आणि ती पार पाडली.

सीएमसीचे कार्य दुरुस्तीपुरते मर्यादित राहिले नाही. ऐंशीच्या दशकात तिने ‘इंडोनेट’ हे संगणक-जाळे उभारले. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत रेल्वे आरक्षणाची पहिली संगणकीय यंत्रणा सुरू झाली, ती सीएमसीच्या अभियंत्यांनी घडविलेली होती. तत्पूर्वी मोठमोठ्या नोंदवह्या, प्रत्येक गाडीची वेगळी खिडकी आणि तासन् तास लांबणाऱ्या रांगा हे आरक्षणाचे नित्याचे चित्र होते. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू शकते, हा अनुभव सामान्य प्रवाशाला सार्वजनिक क्षेत्राने दिला. इतकेच काय, खाजगी भांडवलाचे मंदिर मानल्या जाणाऱ्या मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये पडद्यावरील व्यवहारांची जी यंत्रणा आली, तीसुद्धा याच सरकारी कंपनीने तयार केली होती. शेअर दलालांना सार्वजनिक क्षेत्राची कुवत तेव्हा पुरेशी वाटली. सरकारलाच ती पुढे पुरेशी वाटेनाशी झाली!

ऑक्टोबर २००१ मध्ये वाजपेयी सरकारने सीएमसीचे ५१ टक्के भाग १५२ कोटी रुपयांना टाटा सन्सला विकले. उरलेले सरकारी भागही २००४ मध्ये बाजारात काढण्यात आले. २०१५ मध्ये सीएमसी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली आणि तिचे नावही उरले नाही. नफ्यात चालणारी, पंचवीस वर्षांचा अनुभव असलेली, सरकारी खात्यांच्या अंतर्बाह्य कारभाराची माहिती असलेली एक तंत्रज्ञांची फौज राज्यसंस्थेने आपल्या हाताने दुसऱ्याच्या स्वाधीन केली. त्यानंतर ‘सरकारजवळ कुवत नाही’ असे म्हणणे म्हणजे स्वतःचे घर विकून भाड्याच्या घराच्या अपरिहार्यतेवर प्रवचन देणे होय.

त्याच वर्षी दुसरीही एक घटना घडली, आणि तिचा या विक्रीशी असलेला संबंध ध्यानात घेणे आवश्यक आहे. मे २००१ च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने थेट भरती एकूण कर्मचारीसंख्येच्या १ टक्क्यापुरती मर्यादित करण्यात आली. दरवर्षी सुमारे ३ टक्के कर्मचारी निवृत्त होतात हे सरकारला ठाऊक होते. म्हणजेच दरवर्षी २ टक्के आणि पाच वर्षांत १० टक्के जागा आपोआप नाहीशा व्हाव्यात, हाच त्या परिपत्रकाचा हेतू होता. कोणालाही काढून टाकल्याचा आरोप होऊ नये आणि तरीही कचेऱ्या रिकाम्या व्हाव्यात, अशी ही योजना होती. तिचे फळ काय? १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारच्या सुमारे ४० लाख ३५ हजार मंजूर पदांपैकी ९ लाख ७९ हजार पदे रिक्त असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले. चारांपैकी जवळजवळ एक खुर्ची रिकामी!

खुर्ची रिकामी असली तरी काम रिकामे राहत नाही. संगणकीकरणाचे काम तर वाढतच गेले. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर झाली आणि शक्य तेथे खाजगी भागीदारी हे तिचे अधिकृत धोरण ठरले. कंपनी नोंदणी, पारपत्र, प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर ही राज्यसंस्थेच्या गाभ्याची कामे एकेक करून मोठ्या खाजगी कंपन्यांच्या कंत्राटांत गेली. कर वसूल करणे, नागरिकत्वाचा दाखला देणे, कंपन्यांवर देखरेख ठेवणे ही कामे सार्वभौम सत्तेची मानली जातात. ज्या कंपन्यांवर देखरेख ठेवायची, त्यांच्यापैकीच काहींच्या हातात त्या देखरेखीची यंत्रणा देण्यात आली आहे, याचे भान कितीजणांना आहे?

आता दुसरा दावा : हे सारे स्वस्त पडते. या दाव्याची सर्वात विदारक तपासणी कॅनडात झाली, आणि खर्चकपात व खाजगी कंत्राट हे एकाच नाण्याच्या दोन बाजू कशा आहेत हे त्या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल.

कॅनडाच्या संघ सरकारने २००९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाटपाची जुनी व्यवस्था बदलण्याचा निर्णय घेतला. नव्या प्रणालीला ‘फीनिक्स’ असे नाव दिले गेले. तिच्यामुळे वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचतील असे सांगण्यात आले. ही बचत येणार होती कर्मचाऱ्यांच्या जागा कमी करून. २०११ मध्ये आयबीएमला कंत्राट मिळाले. निरनिराळ्या खात्यांत बसून पगाराचे काम पाहणाऱ्या सुमारे १,२०० अनुभवी कर्मचाऱ्यांची पदे रद्द झाली आणि त्यांच्या जागी मिरामिशी या दूरच्या गावात उघडलेल्या एकाच केंद्रात ५५० च्या आसपास माणसे नेमण्यात आली. हे १,२०० कर्मचारी काय करीत होते? रात्रपाळीचा भत्ता, बढतीचा फरक, प्रसूती रजा, हंगामी नेमणूक, निरनिराळ्या कामगार करारांतील शेकडो बारकावे यांचे ज्ञान त्यांच्या डोक्यात होते. ते ज्ञान कोणत्याही निविदेत लिहिलेले नव्हते. म्हणूनच हिशेबतपासनिसांच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य होती!

२०१२ च्या वसंतात कंपनीने कळविले की, प्रणाली उभारण्यास २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील. मंजूर रक्कम होती १५ कोटी ५० लाख. अशा वेळी शहाणा माणूस एक तर अधिक पैसे मागतो किंवा काम थांबवून फेरविचार करतो. अधिकाऱ्यांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी कामच कापले. प्रणालीच्या ९८४ कार्यांपैकी १०० हून अधिक कार्ये गाळण्यात किंवा पुढे ढकलण्यात आली. चाचण्या आखडत्या घेण्यात आल्या. एका खात्यात आधी प्रयोग करून पाहण्याचे ठरले होते, तोही रद्द झाला. आणि २०१६ च्या फेब्रुवारी व एप्रिल महिन्यांत २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांचा पगार या अर्धवट यंत्रणेच्या हवाली करण्यात आला.

परिणाम काय झाला हे सांगण्यासाठी विरोधकांच्या भाषणांची गरज नाही. कोणाला महिनोन् महिने पगार मिळाला नाही, कोणाला निम्मा मिळाला, तर कोणाच्या खात्यात जादा रक्कम पडून नंतर तिच्या वसुलीचा तगादा लागला. गृहकर्जाचे हप्ते थकले. प्रसूती रजेवर गेलेल्या स्त्रियांचे भत्ते अडले. अर्ध्याहून अधिक कर्मचारी या गोंधळात सापडले. देशाच्या महालेखापालांनी २०१८ च्या अहवालात या प्रकल्पाला अनाकलनीय अपयश म्हटले. काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांच्या जागी पुन्हा शेकडो माणसे भरावी लागली. वर्षाला ७ कोटी वाचविण्यासाठी निघालेल्या सरकारला ही घाण निस्तरण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्चावे लागले. बचत कागदावर राहिली, खर्च प्रत्यक्षात आला.

‘अनाकलनीय’ हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. या घटनेत न आकळण्यासारखे काय आहे? माणसे कमी करणे हेच जेव्हा उद्दिष्ट असते, तेव्हा यंत्र चालते की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. मंजूर रकमेच्या आत आणि ठरल्या तारखेला काम ‘झाले’ असे दाखविणे हे अधिकाऱ्याच्या बढतीचे साधन बनते. कंपनीला तर दुरुस्तीच्या प्रत्येक मागणीवर नवे देयक सादर करता येते. सरकारी बाजूला काम समजणारी माणसेच उरली नसल्यामुळे ते देयक वाजवी आहे की अवाजवी, हे सांगणारा कोणी नसतो. ही कोणा एका अधिकाऱ्याची चूक नव्हे. हा त्या धोरणाचा स्वाभाविक परिणाम आहे.

तिसरा दावा जबाबदारीचा. त्याचे उत्तर ब्रिटनमधील पोस्ट खात्याच्या प्रकरणाने दिले आहे. तेथे १९९६ मध्ये खाजगी भांडवल पुरवठ्याच्या योजनेखाली टपाल कचेऱ्यांच्या संगणकीकरणाचे काम आयसीएल या कंपनीच्या शाखेला देण्यात आले. ही कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. ‘होरायझन’ नावाची ही प्रणाली १९९९ पासून कचेऱ्यांत बसविण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली. ती तूट खोटी होती. पण कमिशनवर टपाल कचेरी चालविणाऱ्या उपपोस्टमास्तरांना सांगण्यात आले की, ती तुम्ही खिशातून भरा. ज्यांना भरता आली नाही किंवा ज्यांनी विरोध केला, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले गुदरण्यात आले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक निरपराध माणसांना शिक्षा झाल्या. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदार मोठ्या संख्येने होते. अनेकांनी घरे विकली, काही तुरुंगात गेले. या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीचा जो पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार किमान १३ जणांनी यापायी आत्महत्या केल्या असाव्यात.

येथे करार होता, अटी होत्या, दंडाची कलमे होती. त्या कलमांनी कोणाचे रक्षण केले? कंपनीला कंत्राट टिकवायचे होते म्हणून ती प्रणालीतील दोष लपवीत राहिली. सरकारी मालकीच्या पोस्ट खात्याला आपला निर्णय योग्य होता हे दाखवायचे होते म्हणून ते प्रणालीवर बोट ठेवू देईना. संगणक बरोबर चालत होता असेच गृहीत धरावे, असा बदल इंग्लंडच्या कायद्यात १९९९ मध्येच झाला होता. कंपनी, खाते आणि कायदा असे तिघे एका बाजूला आणि गावातील एकाकी पोस्टमास्तर दुसऱ्या बाजूला, असा हा सामना होता. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निर्वाळा दिला तो शेकडो पीडितांनी एकत्र येऊन दावा लढविला म्हणून. २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्याने संघटना केली त्याला न्याय मिळाला, तोही वीस वर्षांनी. कराराने कोणालाही न्याय मिळवून दिला नाही.

दूरच्या देशांची ही उदाहरणे आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणातील इंटरमिजिएट परीक्षेचा निकाल लागला. पूर्वी या कामाची तांत्रिक बाजू राज्य सरकारनेच स्थापन केलेली संस्था सांभाळीत असे. ते काम तिच्याकडून काढून एका खाजगी कंपनीला देण्यात आले होते. निकालात उपस्थित विद्यार्थी अनुपस्थित ठरले, चांगल्या गुणांचे विद्यार्थी नापास दाखविले गेले. ९ लाखांहून अधिक मुलांच्या भवितव्याशी हा खेळ झाला. निकालानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. यांपैकी प्रत्येक मृत्यूचा संबंध चुकीच्या गुणांशी जोडता येणार नाही, हे खरे. परंतु विद्यार्थी आणि पालक रस्त्यावर उतरल्यानंतर नापास झालेल्या ३ लाखांहून अधिक मुलांच्या उत्तरपत्रिका विनामूल्य फेरतपासण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला आणि त्यांतील हजाराहून अधिक मुले उत्तीर्ण निघाली, हेही तितकेच खरे. पालक घरी बसून राहिले असते, तर ही मुले आयुष्यभर नापासच राहिली असती.

केंद्रातील अनुभव वेगळा नाही. प्राप्तिकराची विवरणपत्रे स्वीकारणाऱ्या नव्या प्रणालीसाठी जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आणि काम इन्फोसिसकडे गेले. ७ जून २०२१ रोजी प्रणाली सुरू झाली ती दोषांसह. अडीच महिने उलटल्यावर, २३ ऑगस्ट रोजी, अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखाला बोलावून घेऊन जाब विचारला आणि १५ सप्टेंबरची मुदत दिली. अखेर विवरणपत्रे भरण्याची मुदतच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. सार्वभौम देशाचे अर्थखाते स्वतःच्या कर-यंत्रणेतील बिघाड दुरुस्त करू शकत नाही आणि त्याला कंपनीच्या व्यवस्थापकाची वाट पाहावी लागते, यापेक्षा परावलंबनाचे बोलके उदाहरण कोणते?

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत तर मालकीच खाजगी ठेवण्याचा घाट घालण्यात आला होता. त्यासाठी २०१३ मध्ये जी कंपनी स्थापन झाली, तिच्यात केंद्र व राज्ये यांचा मिळून वाटा ४९ टक्के होता आणि ५१ टक्के वाटा बँका व वित्तसंस्थांचा, त्यांतही प्रामुख्याने खाजगी संस्थांचा. देशातील प्रत्येक व्यापाऱ्याच्या उलाढालीची माहिती जिच्या हातात येणार, ती संस्था बहुमताने बिगरसरकारी! चौफेर टीका झाल्यानंतर मे २०१८ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची करण्याचा निर्णय झाला. मालकी फिरली, पण प्रणाली उभारण्याचे आणि चालविण्याचे कंत्राट खाजगी कंपनीकडेच राहिले. मालकीचा कागद सरकारजवळ आणि किल्ली कंत्राटदाराजवळ, अशी ही व्यवस्था होती.

या किल्लीचे स्वरूप कामगारांनी समजून घेतले पाहिजे. निविदा निघते तेव्हा स्पर्धा असते. एकदा काम मिळाले की स्पर्धा संपते. पाच-सात वर्षांत लाखो नोंदी, शेकडो नियम आणि त्यांतील अपवाद यांचे सारे ज्ञान कंपनीच्या आज्ञावलीत जाऊन बसते. ती आज्ञावली वाचू शकेल असा माणूस सरकारजवळ उरत नाही. कायद्यात एक ओळ बदलली तरी तो बदल प्रणालीत करण्यासाठी कंपनीकडे जावे लागते. कंत्राटदार बदलायचा म्हटले तर नवी कंपनी सारे पुन्हा नव्याने करते आणि त्या स्थित्यंतराचा भार जनतेवर पडतो. कंपनी नोंदणीच्या प्रणालीचे कंत्राट २००६ नंतर तीन बड्या कंपन्यांच्या हातांतून फिरले, आणि नव्या हातात गेल्यावर कागदपत्रे दाखल करणाऱ्यांना काय हालअपेष्टा सोसाव्या लागतात हे २०२२-२३ मध्ये सर्वांनी पाहिले. याला खुली बाजारपेठ म्हणत नाहीत. ही निविदेच्या वाटेने आलेली मक्तेदारी आहे.

या साखळीच्या तळाशी कोण आहे? बड्या कंपनीच्या नफ्याच्या बातम्या छापून येतात. पण गावच्या चावडीवर बसून दाखले काढून देणाऱ्या तरुणाचे नावही कोठे येत नाही. महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेखाली ग्रामपंचायतींत संगणक परिचालक नेमण्यात आले. योजनेचे नाव पुढे बदलले, कंपनी बदलली. परिचालकाची स्थिती बदलली नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे उतारे, शासकीय योजनांची माहिती भरणे ही कामे तो करतो. काम पंचायतीचे, पैसा पंचायतीच्या निधीतला. पण मधल्या कंपनीमुळे तो ना पंचायतीचा नोकर ना सरकारचा. पंचायतीतून निघणारी रक्कम आणि त्याच्या हातावर पडणारे तुटपुंजे मानधन यांतील अंतर हीच मधल्या दलालाची कमाई. मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनांवर या परिचालकांनी पुन्हा पुन्हा मोर्चे नेले ते या अंतराविरुद्ध. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ कंपन्यांमार्फत शासकीय पदे भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा सुशिक्षित तरुणांच्या संतापामुळे २० ऑक्टोबर रोजी तो मागे घ्यावा लागला. लढा उभा राहिला की माघार होते, हा त्याचा धडा आहे.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचीही, म्हणजे एनआयसीचीही, हीच गत होत आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने जिल्ह्या-जिल्ह्यांत संगणक नेला. वाहन नोंदणी, वाहन परवाने, न्यायालयांतील खटल्यांच्या नोंदी यांच्या देशव्यापी प्रणाली तिच्याच तंत्रज्ञांनी तयार केल्या. आज तिच्या छताखाली कायम कर्मचाऱ्याच्या शेजारी खाजगी पुरवठादारांमार्फत आलेला कंत्राटी तंत्रज्ञ तेच काम करीत बसलेला असतो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या पंजाबच्या खटल्यात हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केले. कंत्राटदाराची भिंत मध्ये उभी करून ते निष्प्रभ करण्याचा हा मार्ग आहे.

अमेरिकेतील ताजी घटना या संदर्भात सूचक आहे. २०१३ मध्ये आरोग्य विम्याची सरकारी प्रणाली कंत्राटदारांच्या हातून पहिल्याच दिवशी कोलमडली. तो धडा घेऊन २०१४ मध्ये तेथील सरकारने ‘एटीन-एफ’ हा स्वतःच्या तंत्रज्ञांचा विभाग उभारला. खात्यांना कंत्राटदारांच्या कचाट्यातून सोडविणे हे त्याचे एक मुख्य काम होते. १ मार्च २०२५ रोजी ट्रम्प सरकारने काटकसरीच्या नावाखाली तो विभागच बंद करून टाकला. खर्चकपातीची कुऱ्हाड कंत्राटदाराच्या देयकाआधी ते देयक तपासणाऱ्यावर पडते, हे यावरून कोणाच्याही ध्यानात यावे.

‘तुम्ही मुळात संगणकाच्याच विरोधात आहात’, असा आरोप कामगार चळवळीवर नेहमी केला जातो. तो इतिहासाचा विपर्यास आहे. साठच्या दशकापासून विमा आणि बँक कर्मचाऱ्यांनी जो लढा दिला, त्याच्या मुळाशी नोकऱ्यांचे रक्षण आणि यंत्राच्या लाभात कामगाराचा वाटा हे प्रश्न होते. १९८३ मध्ये बँकांच्या व्यवस्थापनाला संगणकीकरणाबाबत कर्मचारी संघटनांशी करार करावा लागला. यंत्र येईल, पण ते कोणत्या अटींवर येईल हे कामगारांशी बोलून ठरेल, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आज नेमके तेच तत्त्व मोडीत काढले जात आहे.

सार्वजनिक मालकी म्हणजे सर्व दोषांवर रामबाण उपाय, असेही समजण्याचे कारण नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाईल ॲपद्वारे हजेरी सक्तीची झाली. ॲपला जाळे मिळाले नाही म्हणून दिवसभर राबलेल्या मजुरांची हजेरी बुडाली. तो हुकूम सरकारचाच होता. ज्यांच्यासाठी प्रणाली आहे त्यांना न विचारता ती लादली, तर सरकारी मालकीचे यंत्रही जुलमाचे साधन होऊ शकते. म्हणूनच मालकीबरोबर लोकशाही नियंत्रणाची मागणी केली पाहिजे. दुसरीकडे, सार्वजनिक यंत्रणा उत्तम चालू शकते याचा पुरावा प्रत्येक रेल्वे स्थानकावर आहे. सीएमसी विकली गेली. पण रेल्वेने १९८६ मध्येच ‘क्रिस’ ही स्वतःची संस्था स्थापन केली होती. नव्वदच्या दशकात तिने देशभरची आरक्षण केंद्रे एका जाळ्यात आणली. दिवसाला लाखो तिकिटे देणारी ही यंत्रणा रेल्वेच्या स्वतःच्या माणसांनी वाढविली आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. संगणक विभागांतील रिक्त पदे तातडीने कायम स्वरूपात भरली पाहिजेत आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रासारख्या संस्थांना पुरेसा निधी मिळाला पाहिजे. सार्वजनिक पैशातून तयार झालेली प्रत्येक आज्ञावली आणि तिच्यातील सारी माहिती सार्वजनिक मालकीची राहिली पाहिजे. ती वाचू व चालवू शकणारे तंत्रज्ञ सरकारी सेवेत असले पाहिजेत. प्रत्येक कंत्राट, त्यातील प्रत्येक वाढीव देयक आणि दंड जनतेपुढे आला पाहिजे आणि महालेखापालांना कंत्राटदाराचेही हिशेब तपासता आले पाहिजेत. नवी प्रणाली पूर्णपणे तपासल्याशिवाय जुनी बंद होता कामा नये. यंत्राच्या सांगण्यावरून कोणाचेही वेतन, धान्य, निवृत्तिवेतन वा निकाल अडविता कामा नये; चूक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असली पाहिजे, नागरिकावर नव्हे. कंत्राटी तंत्रज्ञ आणि संगणक परिचालक यांना सेवेत सामावून घेतले पाहिजे. तोवर समान वेतन दिले पाहिजे.

या मागण्या केवळ निवेदनांनी मान्य होणार नाहीत. कॅनडात वेतन बुडालेल्यांच्या संघटना, ब्रिटनमध्ये एकत्र आलेले पोस्टमास्तर, तेलंगणात रस्त्यावर उतरलेले पालक आणि आझाद मैदानावरचे परिचालक यांनी एकच गोष्ट सिद्ध केली आहे : पडद्यामागे दडलेल्या मालकाला समोर यायला भाग पाडता येते. कायम कर्मचारी, कंत्राटी तंत्रज्ञ आणि खिडकीपुढे रांगेत उभा असलेला नागरिक हे तिघे आज परस्परांना दोष देत उभे आहेत. आणि हीच परिस्थिती कंत्राटदाराच्या सोयीची आहे. कर्मचारी संघटनांनी आपल्या बैठकांत कंत्राटी सहकाऱ्याला शेजारी बसविले पाहिजे, आणि रांगेतील नागरिकाची तक्रार आपल्या मागणीपत्रात पहिली लिहिली पाहिजे. तिघांच्या एकजुटीची सुरुवात प्रत्येक कचेरीत, प्रत्येक चावडीवर याच कामाने होऊ शकते.